अकरा हजार आठशे बेचाळीस

एकतीस डिसेंबरला बाद होतील, असा मेसेज आला
तेव्हा मी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते.
अकरा हजार आठशे बेचाळीस.
आधी वाटलं, थकबाकी.
थंडीत घाम फुटला.
मग कळलं, उलटं आहे. हे माझे आहेत म्हणे.

दीडशे खर्चले की दोन पॉइंट.
एकशे एकोणपन्नास खर्चले की काही नाही.
पेट्रोलवर नाही, विजेच्या बिलावर नाही,
सोन्यावर नाही.
जळगाव जिल्ह्यात राहायचं, आणि सोन्यावर नाही!
एका पॉइंटचे पंचवीस पैसे,
मिक्सर घेतला तर वीसच.
विमानाचे मैल किती, ते इतक्या बारीक अक्षरात
की चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचलं.
सावद्याहून मला जायचंय कुठे?
आणि मिक्सरचं करू काय?
वांगं बडगीतच ठेचायचं असतं,
मिक्सरमधून निघते ती पेज.

रात्री जुनी स्टेटमेंटं काढून बसले.
इतके झाले कसे? मी तर साडीसुद्धा रोखीनं घेते.
कार्ड घेतलं तेही टायवाल्या पोराचं टार्गेट भरावं म्हणून.
पण गल्लीत कार्ड एकच, माझं.
"वहिनी, जरा तुमचं ते द्या व."
नेहेतेंचा फ्रिज: तीनशे साठ.
डिगंबरच्या केळीच्या गाडीचे टायर: एकशे ब्याण्णव.
कुंदाच्या पोरीची नाशिकची फी, तीनदा.
सगळ्यांनी पैसे फेडले. वेळेवर, रोख,
काही नोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
पॉइंट तेवढे मागे राहिले,
पाहुणे गेल्यावर ओट्यावर चपलेची धूळ राहते तसे.

आणि एका ओळीत, एकदम,
तीन हजार एकशे शेहेचाळीस.
चौदा मे. जळगाव. हॉस्पिटल.

हेमराज झोपेचे वडील.
मशीनला रेंज नव्हती.
काउंटरवरच्या मुलीनं ते खिडकीबाहेर धरलं,
पंचेचाळीस डिग्रीच्या झळेत,
आणि आम्ही तिघं त्या इवल्या कागदाची वाट बघत राहिलो,
जसं काही तोच सांगणार होता, आत काय चाललंय.
कागद आला. तिसऱ्या दिवशी काका गेले.
हेमराजनं सात हप्त्यांत सगळे आणून दिले,
शेवटच्या वेळी केळीची एक फणीही.
हे सातशे शहाऐंशी रुपये पन्नास पैसे
त्याला माहीतच नाहीत.
देऊ तरी कसे?
हे घे, तुझ्या बापाच्या आजारपणातले उरलेले?

बटणावर मराठीत लिहिलं होतं: सोडवा.
गहाण पाटली सोडवतात तसं.
इथे काय गहाण होतं? कुणाचं?
ओटीपी आला. मी सोडवले.
दोन हजार नऊशे साठ रुपये पन्नास पैसे,
त्यातून सोडवण्याचे नव्व्याण्णव वजा,
त्या नव्व्याण्णववर जीएसटी वेगळा.
हातात उरलं ते सात दिवसांनी बिलातून कमी होणार.
मी सात दिवस थांबले नाही.

बामणोदची वांगी, लांबट, हिरवी, पंधरा किलो.
वांगीवाली रोखच घेते.
तेल, शेंगदाणे, पुऱ्यांचं पीठ कार्डावर.
मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ केला,
नेहेते आले, डिगंबर गाडीसकट आला,
कुंदानं हिरव्या मिरच्या भाजल्या, सगळे खोकलो.
हेमराज बडगी घेऊन बसला, ठेचता ठेचता म्हणाला,
"कशाचं जेवण व वहिनी?"
म्हटलं, गारठा पडलाय, म्हणून.

मोबाइल वाजला: तीस पॉइंट जमा.
मी तो पालथा ठेवला.
हेमराजनं बोटावर भरीत घेऊन चाखलं,
म्हणाला, मीठ कमी आहे.
होतंच कमी.